ठाण्याच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला

आठ वर्षं बेटावरचं इंग्रज सरकारचं ठाणं सांभाळूनही कुणाला काय विचारायचं याची अक्कल प्रिंगल साहेबाला आली नव्हती, आणि रुतीचं डोकं त्यानंच फिरलं होतं. तिच्या एकुलत्या एका लेकाला, मॅथायसला, जपान्यांच्या तोंडी द्यायचं ठरवलं, तेही कागदावर, आणि विचारलं कुणाला, तर त्याच्या बापाला. ह्यूगो नवरा म्हणून ठीक होता, मासे बरे धरायचा. पण तो पडला दुसऱ्या कुळाचा. लेकरू आईच्या कुळाचं, आणि त्याच्याबद्दल शब्द द्यायचा तो मामानं. बेटावरच्या कोंबड्यांनाही हे ठाऊक. साहेबानं मात्र ह्यूगोला तंबाखू दिली, अंगठा घेतला आणि काम झालं म्हणून निवांत बसला.

जपानी बोटी दोन बेटं पलीकडे आल्या होत्या. साहेबाचा बेत बारा पानांचा. कचेरीतले कागद जाळायचे, झेंडा उतरवायचा, तांदळाची पोती डोंगरातल्या गुहेत लपवायची आणि लाँचनं ऑस्ट्रेलिया गाठायचं. मागे ठाणं तात्पुरतं कारकुनाच्या ताब्यात. कारकून म्हणजे मॅथायस.

पोती वाहायला सकाळी चाळीस माणसं यायची होती. एकही फिरकलं नाही. उन्हं चढल्यावर रुती आपल्या भावाला, सेलविनला, घेऊन कचेरीपाशी आली. साहेब पिंपात फायली जाळत होता. भुवया करपल्या होत्या.

"माणसं कुठायत?"

"घरी. आमच्या कुळाची आहेत ती, मॅथायसच्या मामानं हो म्हटल्याशिवाय यायची नाहीत."

"पण अंगठा घेतलाय मी."

"बापाचा. शेजाऱ्याचाही घ्यायचा होता, तोही रिकामाच असतो."

मॅथायस पांढरा शर्ट घालून दारात उभा होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "आई, उगाच बोलू नकोस. साहेबांनी विश्वास टाकलाय माझ्यावर."

"तू गप्प बस. चार किल्ल्या लटकवल्या तर बेडकासारखा फुगलास." ती साहेबाकडे वळली. "काढा ते बारा कागद. साहेब कुठे गेला, तांदूळ कुठे लपवला, असं जपान्यानं मानेवर सुरी ठेवून विचारलं तर यानं काय करायचं? कोणत्या पानावर आहे ते?"

साहेबानं पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"बरं, लाँचमध्ये कोण कोण?"

ती यादी मॅथायसनंच टंकली होती. त्यानं ती वाचून दाखवली: साहेब, डॉक्टर, दोन गोरे मळेवाले, दस्तऐवजांची पेटी, साहेबांचा कुत्रा. टंकताना त्याला काही वाटलं नव्हतं. मोठ्यानं वाचून झाल्यावर त्यानं कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

सेलविन खाकरला. "कुत्र्याच्या मामाला विचारलंत का?"

साहेब लालबुंद झाला. "वरून हुकूम आहे. कुणीतरी मागे राहायलाच हवं, नाहीतर इथलं सरकार संपलं असा अर्थ होईल."

रुतीनं हात पुढे केला. मॅथायस क्षणभर घुटमळला, मग त्यानं जुडगा सोडवून तिच्या हातात दिला. तिनं तो साहेबाच्या बारा पानांवर ठेवला.

"साहेब, माणसं दुपारपर्यंत येतील. पण तांदूळ गुहेत जाणार नाही, घराघरांत वाटला जाईल, आणि मॅथायस आमच्याबरोबर डोंगरात येईल. सरकार तुमचं आहे, ते तुम्ही लाँचमध्ये घाला. जागा पुरत नसली तर कुत्र्याला उतरवा. त्याला मी सांभाळीन."