पोटात ठेवायचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे. अंग पुसायचा नव्हे. ऑपरेशनच्या वेळी माणसाच्या पोटात ठेवायचा, चार पदरी, वीतभर लांबीचा. मित्रांनो, अशी कहाणी सांगताना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी आपली कसली मैत्री? फाटक्या छत्र्या आणि मोडकी घड्याळं तुमच्यापुढे रडतात आणि तुम्ही ते वहीत उतरवून घेता. मी रडणार नाही. हल्ली मला फरशी पुसायला घेतात, त्याचंही मला काही वाटत नाही. फरशी निदान शहाणपणा शिकवत नाही.

माझा जन्म १९६३ साली पालघरच्या एका लहानशा खासगी इस्पितळात झाला. तिथल्या नर्स रत्नाबाईंनी सुती कापडाच्या घड्या घालून मला हातानं शिवलं आणि कोपऱ्याला एक लांब नाडी लावली. ऑपरेशन चालू असताना ती नाडी पोटाबाहेर लोंबती ठेवायची, म्हणजे मी आत विसरला जात नाही. पोट उघडण्याइतकी शिकलेली माणसं, आणि टॉवेल परत काढायची आठवण त्यांना एका नाडीनं करून द्यायची.

मला वाफेच्या डब्यात शिजवत, मिठाच्या गरम पाण्यात बुडवत, पिळत आणि कामाला लावत. रक्त टिपायचं, आतडी बाजूला धरायची. चिमटे आणि कात्र्या ट्रेमध्ये ऐटीत चकाकत पडलेल्या असायच्या. कौतुक त्यांचंच व्हायचं. इस्पितळाचे मालक डॉक्टर कमलाकांत बोलण्याआधी चार वेळा घसा खाकरायचे. असल्या भित्र्या माणसाच्या हातात सुरी कोणी दिली, असं मला नेहमी वाटे.

१९६७ च्या हिवाळ्यातला एक रविवार होता. त्या दुपारी केळव्याच्या आत्मारामला आणलं. तो सुपारी उतरवणारा. एका झाडावर चढला की खाली न उतरता शेंडा झुकवून दुसऱ्या झाडावर जायचा. पण त्याला अंतर्गळ होता, म्हणजे जांघेतून आतडं बाहेर येऊन गाठ दिसायची. हे कळलं तर वाडीत कोणी झाडाला हात लावू देणार नाही, म्हणून तो रोज पहाटे आडवा पडून गाठ आत सारायचा, वर एक अख्खी सुपारी ठेवायचा आणि लंगोट आवळायचा. त्या दिवशी घाईत गाठ आत सारायची राहिली आणि सुपारी मात्र आवळली गेली. आतडं बाहेर अडकलं, त्याचा रक्तपुरवठा तुटला आणि हा पठ्ठ्या तसाच झाडावर चढला. ओकाऱ्या सुरू झाल्यावर खाली आला. असली अक्कल मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्याच्या वाडीजवळच्या बंगल्यात मुंबईचे मोठे सर्जन कृष्णकांत सुट्टीला उतरले होते. त्यांच्याच मोटारीतून आत्माराम आणि त्याची बायको जयवंती आले. सर्जनसाहेबांचा पापलेट तव्यावर होता म्हणे. आल्यापासून त्यांची एक नजर घड्याळावर होती.

जांघ उघडली. आतडं काळपट जांभळं, फुगलेलं, चमक गेलेलं. कृष्णकांतांनी वाकून पाहिलं आणि लगेच सरळ झाले.

"मेलंय. कापा आणि जोडा."

यात काय होतं ते नीट ऐका. मेलेलं आतडं आत ठेवलं तर ते सडतं आणि माणूस जातो. जिवंत आतडं उगाच कापलं तर जोड सुटू शकतो आणि तरीही माणूस जातो. मागच्या पावसाळ्यात मनोरचा एक जण असाच जोड सुटून गेला होता. तेव्हा आत्मारामचा जीव एवढ्यावरच होता, की हे आतडं मेलंय की नुसतं गुदमरलंय.

कमलाकांत खाकरले. आतड्याला आवळणारी कडा सैल करून, नळीतून प्राणवायू वाढवून, गरम टॉवेलात गुंडाळून थोडं थांबू या, असं ते चाचरत म्हणाले.

"फडक्यानं मेलेलं उठत नाही, डॉक्टर," कृष्णकांत म्हणाले.

फडकं म्हणाले मला. तरी मला गरम पाण्यातून काढून आतड्याभोवती गुंडाळलं. ते गार होतं, निपचित. काही वेळानं मला उचललं. रंग जेमतेम बदलला होता. कृष्णकांतांनी चिमट्याकडे हात नेला. कमलाकांतांनी आपला हात आतड्यावरून काढला नाही.

"अजून एकदा. पेशंट माझा आहे."

आवाज कापत होता, हात नव्हता. मला पुन्हा गरम केलं, पुन्हा गुंडाळलं. या वेळी माझ्याखाली एक बारीक शीर उडू लागली. मला उचललं तेव्हा आतड्यावर लाली होती, ओली चमक होती. कमलाकांतांनी बोटानं टिचकी मारली आणि त्यावरून एक संथ लाट सरकत गेली. नखाएवढा एक डाग तेवढा काळाच राहिला. तो जगेल की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हतं. आतडं न कापता आत ठेवून टाके घातले.

रत्नाबाई मला बादलीतून नेत होत्या. बाहेर जयवंती विचारत होती, काय काय कापलंत? काहीच नाही, असं कमलाकांतांनी सांगितलं.

"मग इतका वेळ आत काय करत होते तुमी?"

"वाट बघत होतो."

तिनं दोन्ही डॉक्टरांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मला अजून जमलेली नाही.

कृष्णकांत बेसिनपाशी हात धूत राहिले. मग म्हणाले, "आजवर मी कापली ती सगळी मेलेलीच असतील ना, डॉक्टर?" कमलाकांतांनी पुढे होऊन नळ बंद केला. मला त्या मोठ्या माणसाची जराही दया आली नाही.

पण ते केळव्याला परतले नाहीत. सोमवारी मुंबईलाही गेले नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. आत्मारामचा वारा सरला तरच आतडं चालू झालं असं म्हणता येणार होतं. त्या डागाची भीती सगळ्यांना होती. जो तो एकच गोष्ट विचारत होता. एका माणसाच्या पादण्याकडे सगळं इस्पितळ डोळे लावून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मंगळवारी सकाळी मी व्हरांड्यातल्या दोरीवर वाळत होतो. जयवंती बाहेर आली, तोंडाला पदर लावून, भिंतीकडे बघत.

"ह्यांचा वारा सरला. बाजूच्या खाटेवरचा पन जागा झाला."

कृष्णकांतांनी तोंड ओंजळीत घेतलं आणि ते हुंदके देऊन रडू लागले. जयवंती गोंधळून उभी राहिली, मग त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली.

तर मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. चिंधी जपून काय करायचंय? फक्त एखादी गोष्ट मेली असं एका नजरेत ठरवू नका. ऊब द्या, थांबा, पुन्हा बघा. तुमच्याच्यानं ते व्हायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या बाकावरच्या माणसाच्यानंही होईल, असं मला वाटलं नव्हतं.