नकाशे काढणाऱ्या बाई

“बाईंना सांग, रस्ता फोडायला संध्याकाळ होईल,” फोरमन ड्रायव्हरला म्हणाला.

बाई त्याच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. परक्या बाईशी थेट बोलायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. त्या पाणीखात्याच्या प्रमुख होऊन आठ दिवस झाले, तरी तो मोडला नव्हता. त्या खुर्चीत कुणी बाई पहिल्यांदाच बसली होती. नेमणुकीच्या दिवशी धाकट्या भावाने तोंडभरून मुबारकबाद दिली नि लगेच म्हणाला, “आपा, ऑफिसातच बस हं. चिखलात उतरू नकोस. लोक मला नावं ठेवतील.”

आणि आज बुरख्याची कड चिखलाने भरली होती. मुख्य व्हॉल्व्ह जाम झाला होता. सकाळपासून उत्तरेकडच्या वस्तीत पाणी नव्हतं. मशिदीत नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला थेंब नव्हता, प्रसूतिगृहातून तीनदा फोन येऊन गेला होता.

“रस्ता फोडू नका. मुलींच्या शाळेच्या अंगणात जुना व्हॉल्व्ह आहे. तिथून पाणी वळवता येईल.”

“बाईंना सांग, तिथं काही नाही. वीस वर्षं हाडं झिजवलीत मी इथं.”

“मी सव्वीस वर्षं नकाशे काढले,” बाईंनी आवाज चढवला नाही. “आम्हा बायकांना साइटवर यायची बंदी होती. मापं तुमचे अब्बा घ्यायचे आणि आमच्या खोलीच्या पडद्याखालून कागद आत सरकवायचे. त्यांनीच लिहिलंय. भिंतीपासून नऊ फूट.”

फोरमनने ड्रायव्हरला गाडी शाळेकडे घ्यायला सांगितलं. शाळेच्या अंगणात त्याने फावडं कुणाला दिलं नाही, स्वतःच खणलं. कमरेइतका खड्डा झाला आणि लोखंडाचा आवाज आला. पाना लावून त्याने सगळं अंग टाकलं. चाक कुरकुरलं, फिरलं.

“साहेब, मागे सरा. पाणी उडेल.”

हे बोलतानाही फोरमन भिंतीकडेच बघत होता. पण ड्रायव्हर तेव्हा गाडीत होता.

ऑफिसात परतल्यावर बाई केबिनकडे गेल्या नाहीत. कधी एकदा मैत्रिणींना सांगते असं त्यांना झालं होतं. नकाशाखोलीत डबे उघडले होते, कुणाच्या तरी नकलेवर सगळ्या खिदळत होत्या. बाईंनी पडदा सारला. हसू तुटलं. पाचही जणी उभ्या राहिल्या.

“अगं, बसा गं.”

कुणी बसलं नाही. सव्वीस वर्षं ज्या मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं, तिने घास गिळला, हात मागे घेतला.

“मॅडम, काही काम होतं?”

बाई पडदा धरून दारातच उभ्या राहिल्या.

“उत्तरेकडचा नकाशा पाठवून द्या. सावकाश. जेवण झाल्यावर.”

“हो मॅडम.”

पडदा पडला. आत चिडीचूप. बाई बाहेर क्षणभर थांबल्या, मग लक्षात आलं, आपण इथून हलल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागायचं नाही. म्हणून त्या निघाल्या, आणि आत नीट ऐकू जावं इतपत पावलं वाजवत लांबलचक व्हरांड्यातून चालत गेल्या. जिन्यापाशी पोहोचेपर्यंत मागे कुणीतरी हसलं होतं.