पलीकडच्या खडपावरचे जीव

डिसेंबरातल्या अमावास्येला एलिनाला डबक्यात ऑक्टोपस दिसला आणि आठ पाहुण्यांच्या देखत ती रडली.

पुण्याहून आलेल्या त्या मंडळींना वाटलं, बाई भावनाप्रधान आहेत. त्यांना काय माहीत, की गेल्या तीन वर्षांत खडपेवाडीच्या या खडपावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या या खडकाळ पट्ट्यावर, एकही ऑक्टोपस दिसला नव्हता! तो कपारीत बसला होता, दगडाच्या रंगाचा, एक सोंड हळूच बाहेर काढून चाचपत. बाजूच्या डबक्यात दोन तारामासे होते. त्याच्या पलीकडे एक समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा तो जीव, उमललेलं होतं. एलिना गुडघ्यावर बसली आणि नेहमीसारखी माहिती सांगायला लागली, पण मध्येच डोळे पुसायला थांबली.

"मॅडम, बऱ्या आहात ना?" एकानं विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली. "खूप दिवसांनी भेटला हा."

मागे उभा असलेला धोंडू समुद्राकडे बघत होता. भरतीवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. खडप आणि किनारा यांच्यामध्ये एक चर होता. पाणी फिरलं की आधी तो चर भरायचा, मग खडप. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, समुद्र अजून लांब आहे, आणि तोवर परतीची वाट कमरेइतक्या पाण्यात गेलेली असते. नऊ वर्षांत धोंडूनं एकालाही त्या पाण्यात अडकू दिलं नव्हतं.

"पानी फिरला," तो म्हणाला. "चला आता."

एलिना रॉड्रिग्ज पूर्वी कट्टा गावाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा तिनं नववीच्या मुलींना ओहोटीला खडपावर नेलं. वर्गात मान वर न करणाऱ्या मुली तिथून उठायला तयार होईनात. त्यानंतर दोन वर्षांत तिनं नोकरी सोडली आणि पाहुण्यांना ओहोटीचा किनारा दाखवायला सुरुवात केली. खडकाला चिकटलेली कालवं काढण्यात ज्याचा जन्म गेला त्या धोंडूला तिनं सोबत घेतलं. तो साठीला आलेला, विधुर, कमी बोलणारा. तिला पुस्तकातली नावं माहीत होती, तर कुठल्या कपारीत कोण राहतं हे त्याला. "ह्या घर तेचा," असं तो खेकड्याबद्दल बोलायचा, शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

मग खाडीच्या तोंडाशी बंधाऱ्याचा पहिला टप्पा झाला. प्रवाह वळला. पहिल्या पावसाळ्यात डबक्यांच्या तळाला बोटभर गाळ बसला, दुसऱ्या पावसाळ्यात वीतभर. समुद्रफुलं त्याखाली गेली. कालवं गुदमरून मेली, आणि रिकाम्या शिंपांवर पाय ठेवला की त्या कुरकुरत मोडायच्या. पाहुणे यायचे, एलिना त्यांना शैवाल दाखवायची, रिकामे शंख दाखवायची, पूर्वी इथे काय होतं ते सांगायची. लोक सभ्यपणे ऐकून घ्यायचे आणि डॉल्फिनची बोट कुठून सुटते ते विचारायचे.

दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला एलिना डबक्यांतले जीव मोजायची. ते आकडे ती सरकारी कचेरीत पाठवायची. गावातर्फे निरीक्षक म्हणून तिचं नाव तिथे लागलं होतं. याच आकड्यांमुळे बंधाऱ्याचा दुसरा टप्पा अडला होता. तो टप्पा खाडीपलीकडच्या खडपावरून जायचा होता. तिथे होडीनंच जाता येतं. तिथे गाळ पोचला नव्हता, सगळं अजून जिवंत होतं.

आणि आता अलीकडच्या खडपावर ऑक्टोपस आला होता.

डिसेंबरच्या मोजणीत अकरा जीव भरले. जानेवारीत सव्वीस. त्यात एक जांभळी समुद्री गोगलगाय होती, जी एलिनानं इथे पूर्वीही दोनदाच पाहिली होती. तिनं तक्ता भरला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'जीवसृष्टी परतत असल्याची स्पष्ट चिन्हे.' लिहिताना तिला क्षणभर थांबावंसं वाटलं. गाळ होता तेवढाच होता. वीतभर गाळात समुद्रफूल कशाला धरून बसणार? हा प्रश्न तिनं नववीच्या मुलींना घातला असता. स्वतःला मात्र तिनं तो घातला नाही. तक्ता पाठवून दिला.

फेब्रुवारीत मुंबईचा एक गट यायचा होता. संध्याकाळी सहाची ओहोटी होती. ओहोटी दिवसातून दोनदा लागते, म्हणून त्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला एलिना एकटीच खडपावर गेली. तिला वाटलं, निवांतपणे एकदा सगळं बघून घ्यावं.

उजाडत होतं. चराजवळ धोंडूची होडी लावलेली होती. तो डबक्यापाशी वाकून बसला होता. शेजारी निळी बालदी, तिच्यावर ओलं गोणपाट. त्यानं बालदीत हात घातला, एक तारामासा तळहातावर घेतला आणि लहान मूल पाळण्यात ठेवावं तसा अलगद पाण्यात ठेवला.

एलिनाच्या पायाखाली शिंप मोडली. धोंडूनं वळून पाहिलं. तो उठला नाही.

"काका," ती म्हणाली, "खंयसून हाडलात ह्या?"

"पलीकडसून."

"कदीपासून?"

"अमाशेपासून. डिसेंबराच्या."

ती डबक्यापाशी बसली. समोरच्या डबक्यात मागच्या महिन्यातला एक तारामासा होता. त्याच्या भुजा मऊ पडल्या होत्या, टोकांकडून पांढऱ्या होत गळायला लागल्या होत्या.

"ह्ये मरतत हय, काका. तुमका म्हायत नाय?"

"म्हायत आसा." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "मेलले मीच उचलतंय. तू येवच्या आधी."

"मग कित्याक?"

त्यानं बालदीवर गोणपाट ओढलं. मग म्हणाला, "बाय, तीन वर्सां तुझा तोंड बघलंय मी. मानसां गेली काय तू हय एकटा बसान ऱ्हवायचंस. माका वाटला, आता ह्या पोर सगळा सोडून जायत. ऑक्टोपस बघलंस तेवा रडलंस तू. इतक्या वर्सांनी पयल्यांदा. माका बरा वाटला. मगे माका थांबाक जमला नाय."

एलिनाला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. आणि मग तिला तक्ते आठवले. अकरा. सव्वीस. स्पष्ट चिन्हे.

"काका," ती उठत म्हणाली, "मी ता लिवन धाडलंय."

"काय?"

"सगळा परत येता म्हणान. कचेरीत धाडलंय."

धोंडूला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. कळला तेव्हा त्यानं बालदीकडे पाहिलं, आणि ती उचलून परत होडीत नेऊन ठेवली.

मुंबईच्या गटाला तिनं येऊ नका म्हणून कळवलं आणि दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. साहेब तरुण होते, तिला ओळखायचे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, तुम्हालाच पत्र पाठवणार होतो. दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली मागच्या आठवड्यात. तुमच्या नोंदींचा उपयोग झाला. पहिल्या टप्प्यामुळे झालेलं नुकसान भरून निघतंय, हे तुम्हीच दाखवून दिलंत."

"त्या नोंदी चुकीच्या आहेत."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. धोंडूचं नाव घेतलं नाही, 'कुणीतरी' म्हणाली. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, नऊ वर्षं तुम्ही मोजताय. आणि तुम्हाला दोन महिने कळलं नाही?"

एलिनानं चहाचा कप बाजूला सरकवला.

"आणि कुणीतरी म्हणजे कोण? त्यातले काही प्राणी संरक्षित यादीतले आहेत. असं कुणी केलं असेल तर तो गुन्हा आहे. नाव द्या, मला कारवाई करावी लागेल. नाव नसेल तर हे सगळं ऐकीव."

ती परत आली आणि धोंडूच्या दारात बसली. काय झालं ते सांगितलं. त्यानं आत जाऊन शर्ट बदलला.

"चल."

"काका, तुमका पकडतीत."

"पकडूंदे. ता खडप ऱ्हवला तर झाला."

आठवड्याभरात त्यांनी दोघांच्या सहीचा अर्ज दिला. धोंडूनं साहेबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी काय आणलं, किती आणलं, किती मेलं. त्याला मराठीतून नीट बोलायचं होतं, पण मध्येच मालवणी यायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. साहेबांनी मध्ये बोलून तोडलं नाही. शेवटी त्यांनी अर्जावर पोचपावतीचा शिक्का मारून दिला.

"मी वर पाठवतो," ते म्हणाले. "माझ्या हातात एवढंच आहे. पण एक सांगू? निर्णय तुमच्या विरोधात गेल्यावर तुम्ही हे म्हणताय. वरचे लोक तेच म्हणतील."

वरच्या लोकांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. एलिनानं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. निरीक्षकांनी स्वतःच आपल्या नोंदी अविश्वसनीय असल्याचं कळवलं आहे, सबब त्यांची संपूर्ण नोंदमालिका विचारात घेता येत नाही; मंजुरी कायम आहे. संपूर्ण म्हणजे दोन महिन्यांची नव्हे, नऊ वर्षांची. गाळ येण्याआधीचे आकडे, गाळ आल्यानंतरचे आकडे, सगळंच कागदावरून पुसलं गेलं होतं. या किनाऱ्यावर कधी काही जगत होतं याचा आता कुठे पुरावा नव्हता.

धोंडूवर गुन्हा नोंदवला गेला नाही. नोंदवायचा तर त्यानं खरोखरच प्राणी आणले होते हे कचेरीला मान्य करावं लागलं असतं.

मार्चमध्ये एक शेवटचा गट होता. नाशिकचं एक कुटुंब आणि त्यांच्या ओळखीचे दोघं, सगळे मिळून सहा. एलिनाला त्यांना नको म्हणून कळवायचं होतं. मग तिनं ठरवलं, पलीकडे न्यायचं. आजवर ती तिकडे पाहुण्यांना नेत नव्हती, माणसांचे पाय पडू नयेत म्हणून. आता ते जपण्यात अर्थ नव्हता.

धोंडूनं दोन खेपा करून सगळ्यांना पोचवलं. पाणी खूप मागे गेलं होतं. खडपाच्या कडेला लाल झेंड्यांच्या काठ्या ठोकलेल्या होत्या, दर वीस पावलांवर एक. आणि त्यांच्या मधोमध सगळं होतं. हिरवी, गुलाबी समुद्रफुलं दाटीवाटीनं उमललेली. शंख पाठीवर घेऊन धावणारे खेकडे. एका उथळ डबक्यात पिवळसर प्रवाळ, आणि त्यातून ये-जा करणारे नखाएवढे मासे. एलिना एकेकाचं नाव सांगत चालली. आवाज स्थिर होता.

"बाप रे," त्या कुटुंबातली बाई म्हणाली. तिचं नाव शर्मिष्ठा होतं, बँकेत होती. "मी आयुष्यात असं काही पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी आईला घेऊन येते."

"नका आणू," एलिना म्हणाली.

"का हो?"

"पुढच्या महिन्यात इथे दगड टाकायला सुरुवात होईल. त्या काठ्या दिसतात ना, तिथपर्यंत."

सगळे काठ्यांकडे बघायला लागले. शर्मिष्ठाचा नवरा म्हणाला, "पण याविरुद्ध काही करता येत नाही का? तक्रार वगैरे?"

एलिनानं धोंडूकडे पाहिलं. तो होडीचा दोर धरून उभा होता, तोंड फिरवून.

"केली होती," ती म्हणाली. "मी त्यांना चुकीचे आकडे दिले होते, म्हणून टिकली नाही."

धोंडूच्या हातातला दोर सुटला. तो पाण्यात उतरून धरायला गेला, आणि त्याला वर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग शर्मिष्ठानं मोबाइल काढला आणि घाईघाईनं फोटो घ्यायला लागली. बाकीच्यांनीही काढले. पाणी फिरेपर्यंत ते फोटोच घेत होते.

परत किनाऱ्यावर होडीतून उतरताना धोंडू एलिनाजवळ आला. "माझा नाव घेवचा हुता," तो पुटपुटला.

"कित्याक घेव? माका दिसत हुता, काका. गाळ दिसत हुतो. मी विचारूकच नाय तुमका."

तो वळून होडी वर ओढायला लागला. तिनं त्याला माफ केलं होतं की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला डंपर आला. एलिना बघायला गेली नाही, पण आवाज घरापर्यंत यायचा. धोंडूनं होडी विकली आणि दोडामार्गला लेकीकडे गेला. तिथे काजूच्या बागेत राखणीला राहिला. एलिना कट्ट्याला दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. पाहुण्यांचे फोन यायचे. बंद केलं, एवढंच ती सांगायची.

जूनच्या सुरुवातीला तिनं धोंडूला फोन केला. त्यानं बऱ्याच वेळानं उचलला.

"कसे आसात काका?"

"बरो आसंय."

"करमता थंय?"

"करमूक काय होता? झाडां आसत. थंयच्या थंय ऱ्हवतत." तो थोडा थांबला. "बाय, तू परत फोन करू नको. तुझो आवाज आयकलो काय माका ता सगळा दिसता."

"बरा," एलिना म्हणाली.

फोन ठेवून ती शिकवणीच्या खोलीत गेली. मुलं वही उघडून बसली होती. त्या दिवशीचा धडा विजेचा होता.