जेवणापर्यंत येतो

मी बसमधून उतरले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तळं दिसत नव्हतं. धुकं अगदी होड्यांच्या धक्क्यापर्यंत उतरलेलं. नोव्हेंबरात आमच्या स्किलबेकमध्ये हे रोजचंच. तरी रंगीबेरंगी जाकिटं घातलेले पाहुणे चहाच्या दुकानांतून गर्दी करून होतेच. त्यांना मी खोल्या भाड्याने देते, त्यांच्या चिखलाच्या बुटांवर माझं घर चालतं, आणि त्याच बुटांना मी तीस वर्षं शिव्या घालत आले आहे.

डोळे तपासून घ्यायला मी सकाळीच शेजारच्या गावी गेले होते. घरी आले तर इमोजेन, माझी सून, स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. पोरगी दक्षिणेकडची, समुद्राकाठची. मार्चमध्ये लग्न होऊन आली.

"आल्फ कुठाय?" मी कोट काढता काढता नवऱ्याची चौकशी केली.

"वर गेलेत, पायवाटेचे चर साफ करायला. सकाळी आठलाच गेले. जेवणापर्यंत येतो म्हणाले."

"मग जेवून परत कुठे गेला?"

"परत कुठे? अजून आलेच नाहीत. जेवणाला वेळ आहे की, विनी. सातला तयार होईल."

कोटाची एक बाही माझ्या हातातच राहिली.

आमच्याकडे जेवण म्हणजे दुपारी बाराचं. संध्याकाळी खातो त्याला आम्ही चहा म्हणतो, मग ताटात मटण असो नाहीतर बटाटे. दक्षिणेकडच्या लोकांचं जेवण संध्याकाळी सातला. आल्फ बाराला येणार होता. बेचाळीस वर्षांत त्याला जेवणाला पाच मिनिटं उशीर झालेला मला आठवत नाही. आता तीन तास उलटून गेले होते, आणि चार वाजता अंधार पडतो.

इमोजेनने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि सुरी खाली ठेवली. तिलाही कळलं.

कॉलिनला फोन लावला. माझा मुलगा डोंगरावर अडकलेल्यांना खाली आणणाऱ्या गावच्या पथकात आहे. आधी बापच त्यात होता.

"आई, कुठल्या वाटेने गेलाय? धबधब्याच्या की खिंडीच्या?"

"माहीत नाही रे."

"फोन?"

"त्याचा फोन ड्रॉवरमध्ये आहे. नेहमीसारखा."

"सहा जण आहोत आम्ही. दोन्ही वाटा धरायला माणसं पुरायची नाहीत." त्याचा आवाज कामावरचा होता. मला तो आवाज अजिबात आवडला नाही.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि चार नंबरच्या खोलीतले पेंबर्टन नवराबायको आत आले. गाल लाल, बूट पायपुसण्याच्या पार पलीकडे.

"काय सुंदर फेरी झाली हो!" बाई म्हणाल्या. "आणि धुक्यात तो मेंढपाळ कुत्र्याला शिट्ट्या मारत होता. किती छान वाटलं ऐकायला!"

"बिचाऱ्याचं कुत्रं काही ऐकत नसावं," तिचा नवरा हसला. "सहा शिट्ट्या मारायचा, मग जरा गप्प. पुन्हा सहा."

मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं. मदतीची खूण. त्यांच्या खोलीच्या दारामागे मीच ती चिकटवली आहे, मोठ्या अक्षरांत.

"कुठे? कधी?" मी जवळजवळ ओरडलेच.

"धबधब्याच्या वर, दुसऱ्या फाटकापाशी. दीड वाजला असेल. का हो, काय झालं?"

इमोजेन माझ्या हातातून फोन घेऊन कॉलिनला सांगत होती, "धबधबा, दुसरं फाटक. लवकर."

आम्ही दोघी पहिल्या फाटकापर्यंत गेलो. कॉलिनने मला बजावलं होतं, त्यापुढे एक पाऊल नाही. पथकाचे दिवे धुक्यात शिरले आणि दहा पावलांत विझल्यासारखे झाले. मग नुसतं पाण्याचं धो धो. हात गारठले. दीड वाजल्यापासून तो तिथे पडलेला, कदाचित त्याच्याही आधीपासून, ओल्या दगडांवर. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीत राग मिसळलेला होता.

"एकदा विचारायचं तरी होतंस," मी म्हणाले. "कुठलं जेवण म्हणून. तोंड शिवलं होतं का?"

"विचारणार होते," ती म्हणाली. "ओठांवर आलं होतं. पण मागे मी चहात बटाटे कसे घालतात म्हणून विचारलं, तर तुम्ही ते सगळ्या पाहुण्यांना सांगितलंत. रोज. नाश्त्याच्या टेबलावर. अजूनही सांगता. म्हटलं, आता जेवणाचं विचारलं तर हिवाळाभर तेच ऐकावं लागेल."

खरं होतं. मार्चपासून ती गोष्ट मी मार्मलेडबरोबर वाढत होते. पाहुणे हसायचे, तीही हसायची. तिचे कान लाल झालेले मला दिसायचे. मला त्याची गंमत वाटायची.

मी काहीतरी बोलणार, एवढ्यात वरून शिट्टी आली. बारीक, ओली. एक. दोन. इमोजेनने माझा दंड धरला. तीन. चार. मग खूप वेळाने पाच.

सहावी आलीच नाही.

आम्ही थांबलो. मी मनात साठ मोजले, पुन्हा साठ मोजले. देवाचं नाव घ्यायलाही सुचेना. आल्फ, वाजव ना, मी म्हणत होते, अरे वाजव, एवढी एक तरी वाजव.

मग दुसऱ्याच शिट्टीचा आवाज आला, जोरकस. तीन वेळा. पथकाचं उत्तर. सापडला होता. पण कसा सापडला, ते शिट्टी सांगत नाही.

खाली यायला त्यांना पाऊण तास लागला. स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलेला, पाय फळीला आवळलेला, चेहरा मेणासारखा. शिट्टी अजून दातांत धरलेली. कॉलिनने ती हळूच सोडवली.

"आल्फ," मी म्हणाले.

त्याने डोळे किलकिले केले. "जेवणाला उशीर झाला, विनी."

"गप्प बस."

"उद्या येतो. उद्या जेवणापर्यंत घरी."

उद्या काही तो येणार नव्हता, हे कॉलिनच्या तोंडावरून दिसतच होतं. रुग्णवाहिकेतली बाई दार लावायला आली. इमोजेनने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधी तिने माझ्याकडे पाहिलं. माझा नवरा मरणाच्या दारातून परत आला होता की अजून तिथेच होता, कोणास ठाऊक, आणि ही पोरगी मी हसेन का ते बघत होती.

"विचार," मी म्हणाले. "विचार गं बाई."

ती वाकली. "बाबा, बाराचं जेवण ना?"

"बाराचं," आल्फ म्हणाला.