बोलणारा चेहरा

"चेहरा?" ताई एवढ्या जोरात ओरडली, की आतल्या खोलीतून तिचा भाऊ उठून दारात आला. "आंधळ्यांच्या सॉफ्टवेअरला चेहरा?"

"नुसता चेहरा नाही हो, ताई. बोलताना ओठ हलतील त्याचे," पडद्यावरचा समन्वयक समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमच्या आराखड्यात दाखवण्यासारखं काहीच नाही. कोष्टकं नीट वाचणं! समितीपुढे काय ठेवू मी? लोकांना काहीतरी दिसायला हवं."

"कुणाला दिसायला हवं?" दारातून भाऊ म्हणाला.

समन्वयकाने घसा साफ केला आणि वेळ संपल्याचं सांगून टाकलं.

विमा कचेरीत दिवसभर लोकांचे संगणक ताळ्यावर आणायचे आणि घरी आल्यावर चार घास पोटात ढकलून या कामाला बसायचं, हा ताईचा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर कुणीही फुकट वापरावं, कुणीही उघडून सुधारावं, असं होतं. धाकट्या भावाची नजर गेली तेव्हा तिने त्यात हात घातला. मग मूळची मंडळी एकेक करून पांगली आणि सगळा डोलारा तिच्या डोक्यावर आला.

धाकटा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर तक्रारी घ्यायचा. कुठल्या भागाला पाणी किती वाजता, याचं कोष्टक त्याच्यासमोर असे. पण सॉफ्टवेअर ते उभं वाचायचं. आधी सगळे भाग, मग सगळ्या वेळा. कुणाची वेळ कुठली, ते डोक्यात जुळवत बसायचं. एकदा चुकला, तर साहेबाने सगळ्यांदेखत विचारलं, "झेपत नसेल तर सांग बाबा." घरी येऊन त्याने हसत हसत सांगितलं. ताईला हसू आलं नाही.

हा समन्वयक ज्या संस्थेचा, ती दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना मार्गदर्शकाच्या हाताखाली अशा सॉफ्टवेअरचं काम द्यायची. ताईने यंदा कोष्टकांचं काम सुचवलं. कॉलेजातली एक मुलगी पुढे आली. दोघींनी आराखडा केला, खोडला, परत केला. "आधी थोडे दिवस मी दादांच्या शेजारी नुसती बसते. कुठे अडतं ते बघते," हे त्या मुलीनेच सुचवलं होतं. ताई हरखून गेली होती.

आणि आता चेहरा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरमिरीत तिने संस्थेला कळवून टाकलं: मार्गदर्शक म्हणून माझं नाव काढा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुलगी विमा कचेरीच्या जिन्यात उभी होती.

"मला न विचारता नाव काढलंत?"

"त्या मूर्खपणाला माझं नाव लावू?"

"मार्गदर्शक नाही तर माझी जागाही जाते, ताई. या उन्हाळ्यात काही झालं नाही, तर बाबा मला मामाच्या दुकानात बसवणार आहेत."

"मग बस दुकानात!" ताईच्या तोंडून निघून गेलं.

मुलगी रडली नाही. तिचा आवाज मात्र खाली आला. "तुम्हाला तुमचा राग परवडतो. तुम्हाला नोकरी आहे. मला नाही परवडत."

ताई जिन्यातच बसली. ही चिडायला हवी होती समन्वयकावर, आणि चिडली होती आपल्यावर. बरोबरच चिडली होती, हेच जास्त झोंबलं. तिने तिथूनच समन्वयकाला फोन लावला. "करते मी तुमचा चेहरा," एवढंच म्हणाली आणि त्याचे आभार पुरे व्हायच्या आत फोन बंद केला.

उन्हाळाभर तिने मुलीला मन लावून शिकवलं. हातचं काही राखलं नाही. मुलगी हुशार होती. 'प' म्हणताना ओठ मिटतात, 'ओ' म्हणताना गोल होतात, हे जमवता जमवता तिचे डोळे तांबारायचे. "कोष्टकांचं शेवटी बघू हं, ताई," ती म्हणायची. पण ओठांनीच सगळा उन्हाळा खाल्ला.

शेवटी कौतुकाचा समारंभ झाला. ताई जाणारच नव्हती, धाकटाच म्हणाला, "पोरीसाठी जाऊ." दोघं मागच्या रांगेत बसली. मुलगी मंचावर गेली. तिला कॉलेज संपताच नोकरीवर ये म्हणून बोलावणं आल्याचं समन्वयकाने जाहीर केलं. तिच्या बाबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि ताईनेही मनापासून वाजवल्या.

मग दिवे मंद झाले. भल्यामोठ्या पडद्यावर तो चेहरा आला. गोरागोमटा, हसरा. ओठ हलू लागले. आवाजाची वायर जोडायची राहिली होती. मंचावरची मुलगी कावरीबावरी होऊन कुणाला तरी खुणा करत होती. पण सभागृहात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या रांगेतले पाहुणे माना डोलवत होते. कुणीतरी "वा!" म्हणालं. चेहऱ्याने शेवटी मान लववली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

धाकटा मघापासून कान देऊन बसला होता. तो ताईकडे झुकला.

"सुरू झालं का गं?"

ताईने मांडीवरची पिशवी उचलली.

"संपलं," ती म्हणाली.