वाळूची बाजू

ग्रीक लोकांचं तुर्कांशी हाडवैर असतं असं गुरुसिद्धप्पा मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि तरीही ग्रीस देशातल्या कुठल्याशा बेटावरच्या हॉटेलवाल्यानं सोलापुराहून टर्किश टॉवेलच मागवले, यावरून मास्तरांनी एवढं ओळखलं की वैर हे काही काम अडवून ठेवायचं कारण नव्हे. ते स्वतः सात वर्षं निंगप्पाशी वैर धरून होते आणि रोज साडेआठ ते सहा त्याच्याच शेजारी बसून काम करत होते.

साखर पेठेतल्या नरसय्याशेठच्या कारखान्यात खाली अठरा माग खडखडत, आणि वर माडीवर हे दोघं. मास्तर ग्राफच्या कागदावर नक्षी भरत, एक चौकोन म्हणजे सुताचा एक वेढा. निंगप्पा त्या ग्राफची एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडी, आणि कार्डांची ती माळ मागावर चढली की जॅकार्डचं यंत्र तीच नक्षी विणून काढी. निंगप्पाला हे काम मास्तरांनीच शिकवलं होतं. शिकवलेला माणूस शिकतो ही गोष्ट आधी त्यांच्या ध्यानात आली नव्हती. आता तो ग्राफही काढू लागला होता, आणि मालकांनी सरळच सांगून टाकलं होतं की या परदेशी ऑर्डरीनंतर माडीवर एकच माणूस राहील. मास्तरांचा नमुना पसंत पडला तर मास्तर वर आणि निंगप्पा रंगखान्यात. नाही पडला तर उलट. रंगखाना म्हणजे उकळत्या हौदांची अंधारी खोली. त्यांच्यासारख्या चोपन्न वर्षांच्या, छातीनं अधू असलेल्या माणसानं तिथं दोन उन्हाळे काढल्याचं मास्तरांच्या पाहण्यात नव्हतं.

साल होतं त्र्याहत्तर. दुष्काळ हलायला तयार नव्हता, पेठेतल्या नळाला चार दिवसांआड पाणी येत होतं आणि तेही आल्यासारखं करून जात होतं. अशा दिवसांत ते पत्र आलं. आमच्या बेटाला चार किनारे आहेत, त्यांपैकी तुमच्या मागावर जो चांगला बसेल तो निवडा, असं त्या गिऱ्हाइकानं कळवलं होतं आणि सोबत चार रंगीत पोस्टकार्डं जोडली होती. माडीवरच्या तिघांपैकी समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. मालक तीनदा मुंबईला जाऊन आले होते, पण काळबादेवीच्या पलीकडं सरकले नव्हते.

"छत्र्यांचा घ्या," निंगप्पा पहिल्या कार्डावर बोट ठेवून म्हणाला. "लोकं दिसली की लोकं येतेत."

"नऊ रंग हायत त्यात. दोन रंगांच्या टॉवेलात नऊ रंग तुझा काका बसवणार काय?"

"मग हा पायऱ्यांचा. पांढरं देऊळ हाय बघा वर."

"पायऱ्या चढायला टॉवेल लागत न्हाय."

तिसऱ्या किनाऱ्यावर नुसते काळे खडक होते आणि लाटा त्यांच्यावर दात खाऊन धावत होत्या. तो कुणी हातातही धरला नाही. मास्तरांनी चौथं कार्ड उचलून मालकांपुढं ठेवलं. वर निळं, खाली पांढरं, मधे एक वाकडी रेघ. बाकी काही नाही.

"हा घ्या, मालक. माग हसत हसत विणंल."

"मास्तरांचं सगळं सोपंच असतंय की," निंगप्पा म्हणाला. "माणूस न्हाय, काणूस न्हाय. मयताच्या घरचं अंगण दिसालंय."

मालक हसले. हसले ते थोडकंच, पण सात वर्षांत निंगप्पाच्या बोलण्यावर मालक हसल्याची ही पहिली वेळ होती, आणि मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"त्याचंबी खरं हाय," मालक म्हणाले. "घाला की दोन माणसं, मास्तर."

"घालतो," मास्तर म्हणाले. "दोनच घालतो."

त्या किनाऱ्यावर जागा भरपूर होती. पहिला माणूस त्यांनी वाळूत बसवला. डोक्यावर टोपी, आणि तीस वर्षं टेबलावर वाकून आलेला पाठीचा बाक. समोर नमुना म्हणून दुसरं कोण होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्याला पाण्यात घालताना मात्र त्यांनी स्वतःला काहीच सांगितलं नाही. त्याचं डोकं तेवढं पाण्याबाहेर ठेवलं, आणि शेजारी वर केलेला डावा हात. लहानपणी निंगप्पा बैलगाडीवरून पडला होता आणि हाडवैद्यानं त्याचं डावं कोपर बाहेरच्या अंगाला वाकडं बसवलं होतं. ते कोपर अकरा चौकोनांत बसलं. पेन्सिलीला टोक काढून मास्तरांनी ते अकरा चौकोन एकेक करून भरले, आणि तीस वर्षांत कुठल्या मोरानं, कुठल्या कमळानं दिलं नव्हतं इतकं सुख त्यांना मिळालं.

कार्डं पाडायची निंगप्पानंच. सकाळभर त्याची मशीन टकटकत राहिली आणि दुपारच्या सुमाराला थांबली.

"मास्तर, हा हात कुणाचा?"

"परदेशी माणसाचा."

"मोडलेला दिसालाय."

"पोहताना मोडतो."

निंगप्पानं ग्राफ उचलून उजेडाकडं धरला, बराच वेळ धरला, मग कागद फिरवून मागच्या अंगानंही पाहिला. "आणि बसलेला?"

"तो बघतोय."

"बरं हाय त्याचं," निंगप्पा म्हणाला, आणि मशीन पुन्हा टकटकू लागली.

नमुन्याचा टॉवेल उतरला त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. निंगप्पानंच तो घडी करून मुंबईच्या एजंटाकडं पाठवायला बांधला. एवढंच झालं की संध्याकाळी जाताना त्याच्या सदऱ्याची कॉलर ओली होती. उन्हाळ्यात कॉलर कुणाची ओली नसते? पण घाम पाठीवर येतो, बगलेत येतो. निंगप्पाचा सदरा बाकी सगळा कोरडा ठणठणीत आणि कॉलरच्या कडेनं, गळ्याभोवती दोरी बांधावी तशी, ओली रेघ. खालचा मागवाला धुळा ओरडला, "निंगप्पा, कुणाच्या नळाला पानी आलंय रं? सांग की आमालाबी!"

तीन आठवड्यांनी एजंटाचं पत्र आलं. नमुना पसंत. मालकांनी माडीवर येऊन मास्तरांना पेढा दिला आणि निंगप्पाला, ऑर्डर संपेपर्यंत वर थांब, मग खाली जा, एवढं सांगितलं. मग अठराही मागांवर तो किनारा चढला आणि निळ्या समुद्राचे आणि पांढऱ्या वाळूचे गठ्ठे पडू लागले.

निंगप्पा हनुवटी वर करून बोलायला लागला. मास्तरांनी ते आधी मगरुरी म्हणून घेतलं; हरलेला माणूस मान ताठ ठेवतो. पण तो जेवतानाही हनुवटी वर ठेवी, भाकरीचा तुकडा खालून तोंडाकडं न आणता वरून सोडी. चालताना पावलं जमिनीवर न टेकता चाचपल्यासारखी टाकी. मधेच त्याचा डावा हात आपोआप खांद्यापर्यंत उचलला जाई, आणि मग तो ओशाळून खाली घेई. खोकला लागला की तोंडाला रुमाल लावी, आणि रुमाल वाळला की त्यावर पांढरं मीठ फुले. दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टरांनी छाती तपासून, काही नाही, पाणी भरपूर पीत जा, असं सांगितलं. त्यावर निंगप्पा इतका हसला की त्याला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

मास्तरांची तब्येत मात्र त्या महिन्यात कधी नव्हती इतकी चांगली होती. छातीतली घरघर गेली. अंगाला एक सुखाची, कोरडी ऊब लागून राहिली. घरी चप्पल काढली की उंबऱ्याशी चिमूटभर वाळू पडायची, बारीक, पांढरी. सोलापूरच्या काळ्या मातीत तशी वाळू मास्तरांच्या बायकोनं, चिमाबाईनं, जन्मात पाहिली नव्हती. "कुटनं आणताय हे रोज?" ती झाडू मारत विचारायची. तळपायाला लागून राहिलेले कण मास्तर झोपायच्या आधी अंगठ्यानं हळूहळू चोळत बसायचे.

एका दुपारी निंगप्पा टेबलाशी येऊन उभा राहिला. हनुवटी इतकी वर, की तो मास्तरांशी बोलतोय की छपराशी, ते कळू नये.

"मास्तर. ते कोपर काढून टाका."

"कुठलं?"

"हात जोडतो," तो म्हणाला. आणि जोडायला एकच हात मिळाला, दुसरा वर होता. "मी रंगखान्यात जातो. आजच जातो. तेवढं काढा."

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांच्या मनात, आता खरं सांगायचं तर, दया आलीच नाही असं नाही. आली, दारापर्यंत आली, आणि मालकांचं ते थोडकं हसू आठवताच तिथूनच परतली.

"कार्डं पाडून झाली की रं," ते म्हणाले. "आता माग थांबवता येत न्हाय."

निंगप्पानं त्यांच्याकडं नाकाच्या शेंड्यावरून पाहिलं. रडका चेहरा हळूहळू पुसला गेला, आणि तिथं मास्तरांनी न शिकवलेलं काहीतरी आलं. "व्हय," तो म्हणाला. "आता न्हाय थांबत." मग तो जिना उतरून गेला, चाचपत.

माल पाठवायची वेळ आली तेव्हा खालच्या पडवीत घड्या घालायला बाया बसल्या. मास्तर सहज म्हणून उतरले होते. गठ्ठ्याशी बसलेली बजाबाई एक टॉवेल झटकून मांडीवर पसरत होती, आणि त्यांना बघताच फिसकन हसली.

"अगं बया, मास्तर! हिकडनं बघा की. तुमी पाण्यात बसलाय!"

टर्किश टॉवेलाला दोन बाजू असतात, आणि एका बाजूला जे निळं ते दुसऱ्या बाजूला पांढरं, जे पांढरं ते निळं. निंगप्पाला त्याच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती. बजाबाईच्या मांडीवर वरचा समुद्र पांढरीशुभ्र वाळू होऊन पसरला होता, आणि त्या वाळूत एक माणूस डोक्याशी वाकडं कोपर टेकून आरामात लवंडला होता. खालची वाळू काठोकाठ निळी झाली होती. तिच्या मधोमध टोपीवाला माणूस बसला होता. त्याच्या चारी बाजूंना निळं होतं.

"उलटी बाजू हाय ती," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "फिरवा. सगळे फिरवा!"

"मालकांनीच सांगितलंय बाबा."

मालक मागच्या दारातून आले. "एजंटाचं पत्र हाय, मास्तर. नमुना ज्या बाजूनं पाठवला, तीच बाजू वर ठेवा म्हणतेत. गिऱ्हाइकाला तीच आवडली."

"चुकीचं पाठवलंय ते!"

"चुकीचं कसं? तुमचीच नक्षी, तुमचंच नाव होतंय." मालकांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "दोन तर माणसं हायत त्यात. कोण हिकडं, कोण तिकडं. काय फरक पडतोय?"

काय फरक पडतो ते सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण सांगायचं म्हणजे त्या अकरा चौकोनांपासून सांगावं लागलं असतं. दाराशी निंगप्पा उभा होता. मान सरळ. दोन्ही हात खाली.

"मास्तर," तो गोड आवाजात म्हणाला, "कार्डं पाडणाऱ्याला दोन्ही बाजू वाचाव्या लागतेत. तुमीच शिकवलंय की."

बजाबाईनं टॉवेलाची घडी घातली, तळहातानं दाबली, गठ्ठ्यावर ठेवली, दुसरा उचलला. मास्तर तिथंच उभे राहिले. आपल्या धोतराचा काठ घोट्याशी चिकटला आहे असं त्यांना वाटलं, पण त्यांनी खाली पाहिलं नाही.

ठरल्याप्रमाणं सगळं झालं. माल गेला, गिऱ्हाइकानं आणखी मागवला, मास्तर माडीवर राहिले आणि निंगप्पा रंगखान्यात गेला. तिथला दमटपणा त्याला बाधला नाही. चार चार तास हौदावर वाकून तो बाहेर आला की अंगावर पाण्याचा थेंब नसे, हातही निळे होत नसत. मास्तर सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन टेबलाशी बसत आणि ग्राफ काढत. काम चांगलं होत होतं. फक्त धोतराची ओल घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढली, त्यांना टेबल उंच वाटू लागलं, मग खुर्ची खुजी वाटू लागली, आणि एक दिवस त्यांनी खुर्चीच्या पायांखाली विटा मागवल्या. विटा निंगप्पानंच आणल्या, त्याला कुणी न सांगता, चारही. पुढच्या आठवड्यात आणखी चार.

श्रावण लागला, पाऊस असा झालाच नाही, आणि खाली पुन्हा तोच किनारा अठरा मागांवर चढला. मालक एकदा नवीन नक्षीचं बोलायला वर आले, तर मास्तर जवळजवळ छपराला टेकले होते. हनुवटी वर, टोपी कौलांना लागलेली, हात टेबलापर्यंत पोचत नव्हते. खाली निंगप्पा गुडघ्यांवर बसून खुर्चीच्या शेवटच्या पायाखाली वीट सरकवत होता.

"बास का, मास्तर?" त्यानं वर बघून विचारलं. "का आणखी आणू?"

मास्तरांनी तोंड उघडलं नाही. ओठ घट्ट मिटून, नाकानं जपून श्वास घेत, त्यांनी फक्त एक बोट वर केलं.