बिनठिपक्याचं गाव

लीलाधरने पात्याने चित्रातली उरलीसुरली खिडकी खरवडून काढली आणि तो मागे सरकला. आता त्याच्या गावाचं, अल्मोड्याचं, काहीच ओळखू येत नव्हतं. खाली गेरूचा लाल पट्टा आणि त्यावर एकमेकींना छेदत चढत गेलेल्या पांढऱ्या रेषा, एवढंच. चित्र पुरं झालं होतं, पण सही करायला हात धजत नव्हता.

बाहेर उंबऱ्यावर त्याची थोरली बहीण गोविंदी दिवाळीचं ऐपण, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत होती. गेरूने सारवलेल्या जागेवर तांदळाच्या पिठीच्या रेघा. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. दगडी छपरं, नक्षीचे दरवाजे असली त्याची सुरुवातीची चित्रं ती शेजारणींना हाताला धरून आणून दाखवी. पुढे चित्रांतून आधी माणसं गेली, मग दरवाजे. "दारच नाही तर आत यायचं कुठून?" असा टोमणा मारून ती जी गेली, ती पुन्हा या खोलीत आली नाही. दिल्लीत कौतुक वाढत गेलं, त्याला मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आपण दीदीला वाटेतच सोडून आलो, हे त्याला आतून खात होतं.

"लीलू, चहा निवतोय," म्हणत ती दारापाशी आली आणि थबकली. पिठीची वाटी हातात तशीच.

तो अंग चोरून उभा राहिला. आता विचारणार, आपलं घर कुठंय म्हणून.

"कोण गेलं रे?" तिचा आवाज कापला.

"अं? कुणी नाही."

"मग ठिपके का नाहीत? बिनठिपक्याचं ऐपण बाराव्याला घालतात. ऐन सणात हे काय मांडून ठेवलंस?"

लीलाधर चित्राकडे बघतच राहिला. इतके दिवस चित्रात बोचत होतं ते हेच, ठिपके नसणं. आणि दीदीने चित्र घडाघडा वाचलं होतं! छातीवरचा धोंडा उतरला, त्याला हसू आवरेना.

"हसतोस काय टोणग्या? घे." तिने वाटी पुढे केली.

त्याने बोट बुडवलं.

"ते नव्हे, करंगळीशेजारचं. सगळं विसरलास!"

"पण दीदी, तैलरंगावर पिठी टिकायची नाही. दिल्लीला जायचंय हे."

"उंबऱ्यावर तरी कुठं टिकते? दर दिवाळीला नवी घालतोच ना? सांग दिल्लीवाल्यांना, भाडं पाठवा, म्हातारी येऊन घालून जाईल."

रेषा जिथे एकत्र येत होत्या, तिथे त्याने ठिपका टेकवला. ओली पिठी ओघळते की काय असं वाटलं, पण थांबली.

गोविंदीने मान तिरकी करून पाहिलं. मग उंबरा ओलांडून ती आत आली, स्टुलावरच्या रंगाच्या नळ्या बाजूला सारल्या आणि ऐसपैस बसली.

"चहा इथंच आण," ती म्हणाली.